कोंडवाड्याच्या पैशाची शाळा

बोरदरी, धाडजवळ
ता. १४ ऑक्टोबर १९३१

चि. किसन यास तुझ्या बापाचा आशीर्वाद.

तुझे कार्ड पोचले. एवढ्या मोठ्या कार्डावर चार ओळी. तू नागपूरच्या खजिना खात्यात कारकून आहेस म्हणून शाईचीही काटकसर करतोस की काय, कळत नाही. असो. इकडे सगळे ठीक आहे. तुझ्या आईचे गुडघे तसेच आहेत. तुझी सुभद्रा ठीक आहे, तिसरीत आहे, शाळा चालू आहे.

शाळा चालू आहे हे मुद्दाम लिहितो. तू दुसरे लग्न करून पोरीला न्यायला आलास, तेव्हा ओसरीवर आपले जे बोलणे झाले ते मी विसरलो नाही. "गावात शाळा हाये तोवर ठेवा. शाळा बंद झाली की मी नेईन," असे म्हणून तू पाणी न पिता गेलास. त्यानंतर तू आला नाहीस, मीही बोलावले नाही. तिची आई गेली तेव्हा पोर रांगतही नव्हती. तिला आम्ही वाढवली. आणि गावात मुलींची शाळा आणली ती मी आणली. तालुक्याच्या लोकल बोर्डाचा मेंबर झालो तो त्याच्यासाठीच झालो, नाहीतर मराठी तीन बुके शिकलेल्या माणसाचे तिथे काय काम.

आता एक विचारतो, त्याचे खरे उत्तर दे. धाडच्या बाजारात एकाने वर्तमानपत्र वाचून दाखवले. दिल्लीच्या खजिन्यात तूट आली म्हणून वर्षाच्या मधेच नवे अंदाजपत्रक मांडले. मिठावर वाढ, घासलेटवर वाढ, नोकरांचे पगार कमी. मी म्हटले, दिल्ली लांब आहे. तर परवा बोर्डाच्या सभेत चेअरमन वकीलसाहेबांनी सांगितले की दिल्लीने हात आखडला, त्यामुळे नागपूरने आखडला, आणि जिल्हा कौन्सिलची ग्रांट कापून आली. कौन्सिलने आपले कापणे बोर्डांवर ढकलले. आता बोर्डाने कोणावर ढकलायचे, तर मुलींच्या शाळांवर. "मुलाईच्या शाळेले हात लावता येत नाही, लोक बोंबलतीन," असे वकीलसाहेब हसून म्हणाले. मला त्या हसण्याची शिसारी आली. नवी दिल्ली बांधायला पैसा होता, त्याचे उद्घाटन होऊन वर्षही झाले नाही. आमच्या मंजुळाबाई मास्तरणीच्या पगाराला नाही.

विचारायचे ते हे. हे कापण्याचे हुकूम तुझ्याच खात्यातून निघतात ना? बोरदरीचे नाव त्यात तू तर घातले नाहीस? पोरीसाठी?

तुझी आई म्हणते असे लिहू नका. लिहून झाले आहे.

उकंडराव


बोरदरी
ता. २३ नोव्हेंबर १९३१

चि. किसन यास आशीर्वाद.

तुझे पाकीट आले. पहिल्यांदाच पान भरून लिहिलेस, तेही रागाने. "आबा, माझाही पगार दहा टक्के कापला आहे, आणि नागपूरच्या हुकमात गावांची नावे नसतात, नुसत्या रकमा असतात," असे लिहिलेस. बरे. नुसत्या रकमा असतात. ते वाचून मला जास्तच किळस आली. नाव घालून कोणी मारले असते तर त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो असतो.

मला समजले ते असे. पंगतीत तूप वाढणारा पहिल्या पानावर धार धरतो, मधल्याला थेंब देतो, आणि दाराजवळ बसलेल्याला भांडे उपडे करून दाखवतो. आम्ही दाराजवळचे. पण पंगतीत निदान वाढणाऱ्याचे तोंड दिसते.

आता काळजीचे कारण राहिलेले नाही. मी तोड काढली आहे. सभेत मी उभा राहिलो आणि म्हटले, साहेब, आमच्या गावात बोर्डाचा कोंडवाडा आहे. ज्याचे ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरते त्याचे ढोर तिथे कोंडतात, मालक दंड आणि चाऱ्याचा खर्च भरून सोडवतो, आणि तो दंड बोर्डाला जातो. आमच्या गावचे लोक समजूतदार. भांडण बांधावरच मिटवतात, कोंडवाड्यात वर्षाला चार शेळ्या येतात. ते उत्पन्न आम्ही वाढवून दाखवतो. त्यातून बाईचा पगार द्या.

वकीलसाहेब खुर्चीतून पुढे झाले. "उकंडराव, तुमी तर मले रस्ता दाखवला," म्हणाले. मेंबर होऊन इतकी वर्षे झाली, माझे बोलणे त्यांनी कागदावर उतरवून घेतल्याचे पहिल्यांदा पाहिले.

मारुतीच्या ओट्यावर गाव जमवले. सांगितले की शाळा टिकवायची तर प्रत्येकाने पाळीपाळीने आपले एक जनावर कोंडवाड्यात न्यायचे, दंड भरायचा आणि सोडवून आणायचे. वर्गणी म्हणा. वर्गणी मागितली तर कोणी देत नाही, दंड सगळे भरतात. सगळ्यांनी हाव म्हटले. पहिला मीच आपला तांबडा बैल घेऊन गेलो. कोंडवाड्याचा राखणदार जब्बार, तुझ्याबरोबर विटीदांडू खेळायचा तो, दारात उभा राहून हसायला लागला.

"मेंबर, आपलाच बैल आपणच पकडून आनला? कोनाचं पीक खाल्लं यानं?"

"माझं."

"मंग फिर्याद कोनाची?"

"माझीच. लिही ना बे लवकर."

"आन सोडवनार कोन?"

"मीच. दंड घे अन् सोड."

तो म्हणाला, असा इमानदार बैल कोंडवाड्याने आजवर पाहिला नाही. गावभर हसू झाले. पण बाईंचा पगार निघणार आहे. पोर तुझ्याकडे येण्याचे कारण नाही.

उकंडराव


बोरदरी
ता. ६ जानेवारी १९३२

चि. किसन यास आशीर्वाद.

पाकिटाला आता सव्वा आणा पडतो. तेही दिल्लीचेच. बापाने मुलाला पत्र लिहावे तर त्यातही त्यांचा हात.

मंजुळाबाईंना पगार मिळाला. उशिरा मिळाला, पण मिळाला. कोंडवाडा भरलेला आहे. वकीलसाहेब मोटारीतून स्वतः पाहून गेले आणि माझ्या पाठीवर थाप मारली.

फक्त आता लोक आपले जनावर नेत नाहीत, शेजाऱ्याचे नेतात. सुरुवात कोणी केली ते सांगता येत नाही. श्यामरावची म्हैस रामकृष्णाच्या तुरीत दिसली, रामकृष्णाने ती बांधावर हाकलून देण्याऐवजी सरळ कोंडवाड्यात नेली आणि म्हणाला, शाळेसाठी नेली. दुसऱ्या दिवशी श्यामरावने त्याचे दोन गोऱ्हे नेले. तेही शाळेसाठी. आता भाऊ भावाचे ढोर नेतो आणि तोंडाने शाळेचे नाव घेतो. पूर्वी बांधावर दोन शिव्या दिल्या की संपत होते. आता शिव्याही देत नाहीत, गोड बोलतात आणि टपून बसतात.

तुझी आई म्हणते, "लोकाईले चोऱ्या शिकवल्या तुमी, मेंबरसाहेब. आदी लाजत होते, आता धर्म म्हनून करून राह्यले." ती मला मेंबरसाहेब म्हणाली की जेवण गोड लागत नाही.

शाळेत मुली थोड्या कमी येतात. थंडी फार आहे.

सुभद्रा तुझ्यासाठी एक ओळ लिहिते म्हणाली. मी म्हटले, पुढच्या वेळी. पाकीट जड झाले तर पैसे वाढतात.

उकंडराव


बोरदरी
ता. १९ फेब्रुवारी १९३२

चि. किसन यास आशीर्वाद.

तू विचारलेस की थंडी ओसरली, मुली आल्या का. तू कारकून आहेस, तुला बापाच्या पत्रातलीही तूट दिसते.

आल्या नाहीत. थंडीचे कारण नव्हते. सांगतो.

आपल्याकडे पीक उठले की रान सगळ्यांचे होते, हे तू जाणतोस. कापूस वेचून झाला, ज्वारी निघाली, की ढोरे मोकळी. कोणाच्याही धसकटात कोणाचीही गाय चरते, कोणी कोणाला काही म्हणत नाही. माझ्या आज्याच्या आधीपासून असेच आहे. यंदा ते मोडले. मोकळ्या रानातून ढोरे धरून नेऊ लागले. मालक म्हणतो, धसकटाचे का होईना, माझे रान आहे. जब्बारही काय करणार, त्याला बोर्डाचे पत्र आले आहे की उत्पन्न कमी पडू देऊ नको.

मग ज्याच्या त्याच्या घरात एकच विचार झाला. ढोरांमागे राखण पाहिजे. मुलगे शाळेत, मोठी माणसे कामावर. राहिले कोण, तर पोरी. एकेक करून सगळ्या पोरी पाटी ठेवून काठी घेऊन रानात गेल्या. ही गोष्ट मला सभेत उभे राहताना सुचली नाही. सुचायला पाहिजे होती. माझ्याच घरात शाळेतून आल्यावर वासरे सुभद्राच राखते, ते मी रोज पाहत होतो.

हैदर पिंजाऱ्याची गाय मागच्या आठवड्यात धरली. त्याची एकच गाय, गाभण. त्याची जमीला सुभद्रेच्या शेजारी बसते. ती शाळेला निघाली म्हणून गाय मोकळी राहिली, आणि गाय मोकळी राहिली म्हणून आपला गडी ती धरून घेऊन गेला. हो, आपलाच गडी. मी त्याला हैदरची गाय आण म्हटले नव्हते. दिसेल ते आण, एवढेच म्हटले होते.

हैदर ओसरीपर्यंत आला, वर चढला नाही. मी बस म्हटले तरी उभाच.

"मेंबर, माझी गाय कायले धरली?"

"शाळेसाठी, हैदर. त्या पैशातून बाईचा पगार होते."

"हाव, ते मालूम हाये. माझी पोरगी शाळेत जाते, म्हनून गाय सुटते. गाय सुटते, म्हनून मी दंड भरतो. दंडातून शाळा चालते. मंग मले सांगा, पोरीले घरीच ठेवलं तर गाय बी राह्यते अन् दंड बी वाचते. यात मी चुकून काय राह्यलो?"

मी म्हटले, दंड मी भरतो.

"नाई," म्हणाला. "आज तुमी भरसान. उद्या कोन भरन? जमीला उद्यापासून गाईमागे जाईन. बाईले सलाम सांगजा."

गाय सुटून आली तेव्हा तिच्या बरगड्या दिसत होत्या. चाऱ्याचा खर्चही वरून कापला आहे, जब्बार कडबा दाखवतो आणि परत ठेवतो. ती गाभडली, पोटातले वासरू गेले. हैदर मला दिसतो तेव्हा अजूनही रामराम करतो. त्याने केला नसता तर बरे वाटले असते.

मंजुळाबाई संध्याकाळी आल्या. त्या अमरावतीकडच्या, शुद्ध बोलतात, आवाज चढवत नाहीत. म्हणाल्या, "उकंडराव, माझा पगार वेळेवर येतो आहे. मला आता सांगा, मी शिकवू कोणाला? खुर्चीला?"

मी म्हटले, सुभद्रा येते ना.

त्या म्हणाल्या, "ती येते. एकटी येते. एकटीला शिकवायला मला लाज वाटते, आणि तिला एकटीला शिकायला भीती वाटते. बाहेरून बाकीच्या मुली काठ्या घेऊन खिडकीतून बघत असतात."

हे सगळे खरे, किसन. पण अजून शाळा चालू आहे. बंद झालेली नाही. हे तू ध्यानात ठेव.

उकंडराव


बोरदरी
ता. १६ मार्च १९३२

चि. किसन यास आशीर्वाद.

दिल्लीचे नवे अंदाजपत्रक आले. मी धाडपर्यंत चालत जाऊन वाचून घेतले. कोणी म्हणत होते की आता कापलेले परत मिळेल. वाचणारा म्हणाला, मिळणार नाही, जे कापले ते कापलेलेच. खाली मान घालून परत आलो.

शाळा तपासणीचे साहेब येऊन गेले. हजेरीवरून नजर फिरवली आणि विचारले, "गावात मुली आहेत ना?" मी म्हटले, आहेत. "मग?" मी रानाकडे बोट केले. ते रान पाहून आले नाहीत. चहा घेऊन गेले.

मागच्या आठवड्यात सभेत वकीलसाहेबांनी दोन कागद वाचले. पहिला असा की बोरदरी मुलींच्या शाळेस हजेरी नाही, सबब ती आजपासून बंद. दुसरा असा की बोरदरी कोंडवाड्याचे उत्पन्न फार चांगले झाले, सबब कौन्सिलने त्या मानाने बोर्डाची ग्रांट आणखी कमी केली, कारण बोर्ड आता आपल्या पायावर उभे राहू शकते. दोन्ही कागद एकाच आवाजात वाचले. मी उभा राहिलो. म्हटले, साहेब, ते उत्पन्न शाळेसाठी होते.

"हाव, पण आता शाळाच नाही ना, उकंडराव," ते म्हणाले. "उत्पन्न तर हाये. ते काय फेकून द्यायचं?"

मी म्हटले, कोंडवाडा बंद करा, मुली परत येतील.

सगळे हसले. त्यात एक देऊळगाव राजाकडचा मेंबर होता, त्याने मला हळूच विचारले, "तुमच्या गावानं उत्पन्न कसं वाढवलं हो? आमाले बी सांगा." त्याच्या गावची मुलींची शाळाही यंदा कापायच्या यादीत आहे. मी त्याला सांगितले की करू नका. त्याने मान हलवली, पण त्याच्या डोळ्यांत मला दिसले, त्याला वाटले मी माझी युक्ती लपवतो आहे. तो जाऊन करणार. पुढच्या साली त्याच्याही गावच्या पोरी काठी घेऊन रानात दिसतील आणि कौन्सिलवाले म्हणतील, शाबास.

बाहेर येऊन मी थुंकलो. चपराशी म्हणाला, इथे थुंकू नका.

शाळा बंद झाली, हे तुला कळलेच असेल. नसेल कळले, कारण तुमच्याकडे नुसत्या रकमा असतात. म्हणून मीच लिहितो. मी लपवले असते तर तुला वर्षभर पत्ता लागला नसता. तुझी आई म्हणाली, लपवा. मला लपवायला जमले नसते असे नव्हे, पण पोर रोज सकाळी उठून न्हाऊन वेणी घालून ओसरीवर बसते. कुठे जायचे नाही, तरी बसते. ते किती दिवस पाहायचे?

मंजुळाबाई गेल्या. त्यांच्या गाडीत हैदर बसला होता, बाजारापर्यंत पोचवायला. गावातला दुसरा कोणी आला नाही. मी गेलो नाही, मला त्यांना तोंड दाखवता आले नसते.

उकंडराव


बोरदरी
ता. १० एप्रिल १९३२

चि. किसन यास आशीर्वाद.

तू लिहिलेस की सुट्टी मिळत नाही, मे महिन्यात येऊन पोरीला नेतो. मे महिन्यापर्यंत थांबू नकोस. मी पाठवतो आहे. कारण लिहितो.

कोंडवाडा लहान पडतो म्हणून शाळेची खोली कोंडवाड्याला जोडण्याचा ठराव आला होता. मधली भिंत एकच आहे, तिला दार पाडले की झाले, असे वकीलसाहेब म्हणाले. सभेत मी एकटा विरुद्ध होतो. त्यांनी माझे नावही लिहून घेतले नाही, "बहुमताने मंजूर" एवढेच लिहिले. गवंडी दुसऱ्या दिवशी आला. मी मेंबरकीचा राजीनामा पाठवला. तो पोचल्याची पोचही आली नाही.

काल सुभद्रा घरात दिसली नाही. तुझी आई घाबरली. मी शोधत गेलो तर ती शाळेच्या खोलीत होती, भिंत फोडलेल्या बाजूने आत शिरलेली. आत जब्बारने चार म्हशी बांधल्या होत्या. शेण, मूत, माश्या. फळ्यावर बाईंनी शेवटच्या दिवशी लिहिलेला पाढा तसाच होता, आणि एक म्हैस त्यावर पाठ घाशीत होती. पोर कोपऱ्यात उभी राहून पाढा वाचत होती, मोठ्याने, बाई म्हणायला लावायच्या तशी. मला पाहून थांबली नाही. म्हशी सरकतील तशी तीही सरकत होती आणि जेवढा पाढा दिसेल तेवढा म्हणत होती.

मी म्हटले, "चाल घरी."

ती म्हणाली, "आबा, अर्धा पुसला गेला. बाकीचा मले येत नाही."

मलाही येत नव्हता. मी तिसरीपर्यंत शिकलो आणि तेही विसरलो. मी पोरीचा हात धरून तिला बाहेर काढले. जब्बार दाराशी उभा होता. नेहमी काहीतरी थट्टा करतो, त्याने मान खाली घातली.

घरी आल्यावर तिला न्हाऊ घातले, तरी रात्रभर तिच्या केसांना शेणाचा वास येत होता, असे तुझी आई म्हणते. मला वाटते तिला येत नव्हता, मलाच येत होता. अजून येतो आहे.

तर मी तिला पाठवतो आहे. पुढच्या सोमवारी बुलढाण्याहून मोटारने मलकापूर, तिथून गाडी. हैदर सोबत जाणार आहे. मी सांगितले नाही, त्याने स्वतः विचारले. म्हणाला, "पोरीले मी पोचवतो, मेंबर. तुमच्यानं होनार नाही." जमीलाला तो सोबत नेत नाही. तिने यायचे म्हटले, पण गाईमागे कोण जाईल. सुभद्रेने आपली पाटी तिला दिली.

तिकडे तुझ्या बायकोला माझा आशीर्वाद सांग. तिचे नाव मी आजवर पत्रात लिहिले नाही. रुखमाबाईला म्हणावे, पोर सकाळी लवकर उठते, तिला उठवायला लागत नाही, आणि कढीत गूळ घातला तर ती खात नाही. पोरीला वेणी घट्ट आवडते. तुझ्या घरी शेजारी ढोरे असतील तर तिला त्यांच्यामागे पाठवू नको म्हणावे.

मोटारीच्या धुळीची मला भीती वाटते. तिला रेल्वेत खिडकीशी बसू देऊ नकोस असे हैदरला बजावले आहे. तू स्टेशनवर वेळेवर ये. तुला कचेरीतून सुटी मिळत नसेल तर खोटे बोल, बाप आजारी आहे म्हण. त्यात फार खोटेही होणार नाही.

नागपुरात शाळेत तिचे नाव घालशील तेव्हा पालकाचे नाव विचारतील. इथे माझे होते. तिथे तुझे लिही.

उकंडराव